रिकामी शिशी

अकोल्याच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, आणि माझं डोकं फार लवकर फिरायचं. रोगी घरून शिशी आणायचे. मी तिच्यात मिक्श्चर भरून बाहेरून खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवायचो. एक खाच म्हणजे एक डोस.

एक माणूस बायकोच्या तापाची शिशी अर्धी भरलेलीच परत घेऊन आला. "कडू लागते तिले, घेतच नाई," म्हणाला. मी पुन्हा काठोकाठ भरून दिली आणि खेकसलो, "उद्या शिशी रिकामी नाई दिसली, तं तोंड फोडीन तुयं!"

दुसऱ्या दिवशी त्यानं रिकामी शिशी टेबलावर आपटली. मागं बायको ओसरीत ओकत होती. समोरचे दोन दात पडलेले, ओठ फाटलेला, पदर रक्तानं माखलेला. त्यानं तिला उताणी पाडून, छातीवर गुडघा देऊन, शिशी दातांत खुपसून सगळं औषध एकदमच ओतलं होतं.

मी त्याची गचांडी धरली, हात उगारला.

"मले कावून मारता?" तो भांबावून म्हणाला. "तुमीच तं रिकामी आन म्हटलं."

हात खाली आला. तोंड फोडीन असं मी त्याला म्हणालो होतो. फुटलं होतं तिचं.