पोटातल्या घड्या

धम्मरत्नला कोणी ‘चिरफाडवाला’ म्हटलं की तो भडकायचा. “चिरते कोनीबी, मी शिवतो,” म्हणायचा. पांढरकवड्याकडच्या एका दवाखान्याच्या शवागारात त्याची वीस वर्षं गेली होती. त्याआधी आई बाजारात वजडी विकायची, आणि बकऱ्याचं पोट उलटं करून धुवायचं काम याच्याकडे. पोटाच्या आतलं अस्तर त्याला बोटानेच कळायचं.

कपाशीवर बोंडअळीने कहर केला त्या वर्षी मजुरीने फवारणी करणारा देवीलाल वावरात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या बायकोने, जमनीने, पोलिसाला सांगितलं, “सकाळीच औषद घेतलं अन् वावरात गेलते.” आता आपल्याकडे औषध म्हणजे फवाऱ्याचं, आणि घेतलं म्हणजे मालकाकडून घेतलं. पोलीस बाहेरगावचा. त्याने लिहिलं, विष घेतलं. तांड्यात कुजबुज सुरू झाली, जमनीनेच नवऱ्याला जगू दिलं नाही.

नवे डॉक्टर तोच कागद वाचून शवविच्छेदनाला आले होते. पोटातलं तपासणीसाठी बाटलीत भरून झालं, तसे म्हणाले, “विषप्राशनच आहे. शिवून घ्या.”

“शिवत नाही,” धम्मरत्न म्हणाला.

डॉक्टरांनी मान वर केली.

“साहेब, प्यालेल्याचं अस्तर लालभडक होते, जागोजागी सोलते. यंदा धा पाह्यले मी. हे पाहा, घडी न् घडी शाबूत. वरचा चिकटाबी जागेवर. अन् पाठ पाहा, फवारणीच्या पंपाच्या पट्ट्याखालची कातडी भाजली हाय. औषद तिथून आत गेलं.”

“हे ठरवणारे तुम्ही कोण?”

“वजडीवालीचा पोरगा. माह्या डोयानं नका पाहू, तुमच्या पाहा. पन पाहा.”

आणि सुई खाली ठेवून तो हाताची घडी घालून उभा राहिला. नोकरी जाईल तर जाईल, पण खोट्या कागदावर टाका घालणार नाही, असा त्याचा चेहरा होता. डॉक्टर वरमले. वाकले, प्रत्येक घडी बोटाने उलगडून पाहिली, पाठही पाहिली. मग नवा कागद घेतला: ‘जठराचं अस्तर शाबूत. विष तोंडावाटे गेल्याची खूण नाही.’ धम्मरत्नने ते दोनदा वाचलं, मगच दोरा ओवला.

बाहेर जमनी भिंतीला टेकून बसली होती.

“बाई, तुहा मानूस प्याला नाही.”

“मले ठाऊकच व्हतं,” ती म्हणाली. “कागदाले ठाऊक हाय का?”

“आता हाय.”