रिमोटच्या गाडीला ट्रॅक्टरचं ग्रीस

आमच्या घरात ज्याला चाक आहे त्याला ग्रीस मी लावतो, असा नियम आहे. नियम मीच केला आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं काय शिकवायचं ते गुरुजींना सुचलं नसावं (हे माझं मत; गुरुजींचं वेगळं होतं). पण बेअरिंगच्या कामात सगळ्या बेलापुरात माझा हात धरणारा माणूस नाही. पाण्याची मोटर, कडबाकुट्टी, ट्रॅक्टर, गिरणी, नुसता आवाज ऐकून सांगतो की हिला ग्रीस पाहिजे. 'हिला ग्रीस नको' असं मी आजवर एकाही मशीनबद्दल सांगितलेलं नाही.

आता आमची नात ऋतुजा. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात जाते आणि रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यती खेळते. गाडी मांजराएवढी, पण पळते अशी की आमच्या गल्लीतली कुत्री पाठलाग सोडून बाजूला बसून नुसती बघतात. खोड एकच. वळण आलं की उताणी पडायची! आजवर एकाही शर्यतीत तिनं शेवटची रेघ पाहिली नव्हती.

माझा मुलगा भरत, म्हणजे ऋतुजाचा बाप, सुप्याला कंपनीत असतो. खंडेनवमीला घरी आला आणि दुपारी जेवता जेवता त्यानं निकाल देऊन टाकला. "उद्या दसऱ्याच्या शर्यतीत गाडी रेघ ओलांडून आली तर ठीक. न्हाई तर माळ्यावर जाईल. मग परत नाव काढायचं न्हाई."

पोरीचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, हिच्या पाठीशी आता कुणीतरी उभं राहिलं पाहिजे. (इथंच बिघडलं.)

गाडीला तिनं नवी बेअरिंगं बसवली होती. सदऱ्याच्या बटणाएवढी! ती निवडण्यात तिचा अख्खा आठवडा गेला होता, आणि का निवडली तेही तिनं मला समजावून सांगितलं होतं. पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग हलकं फिरतं, पण त्यात धूळ शिरते. आपल्याकडं फुफाटा, म्हणून रबरी झाकणाची आणली. आत पातळ तेलाचा एक थेंब, बस्स. मी मान डोलावली. एका थेंबानं आमच्याकडं शिलाई मशीनचंसुद्धा भागत नाही, पण लेकराला तोंडावर कशाला बोलायचं?

जेवणं झाल्यावर बापलेक झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले. खंडेनवमीला आमच्याकडं सगळी अवजारं धुऊन, पुसून, ग्रीस लावून पूजेला मांडतात. कोयता झाला, मोटर झाली, ट्रॅक्टर झाला. रांगेच्या टोकाला आमच्या मंडळींनी हळदीकुंकू लावून ऋतुजाची गाडीही ठेवली होती. गाडीला चाकं होती. नियम म्हणजे नियम.

मंडळी म्हणाल्या, "अहो, पोरीला इचारा तरी."

मी म्हणालो, "ट्रॅक्टरला हात लावताना कुणाला इचारतो का मी?"

चष्मा लावला, चाकं खोलली, बेअरिंगं काढली. रबरी झाकण ठेवलं तर ग्रीस आत जाणार कुठून? नव्या बरणीचं सील काढतात तशी सगळी झाकणं सुईच्या टोकानं उचकटली. बेअरिंगं डिझेलमध्ये खळखळून धुतली. तिचा तो एक थेंब गेला वाहून. मग ट्रॅक्टरच्या डब्यातलं ग्रीस तळहातावर घेऊन अंगठ्यानं असं दाबून भरलं की पलीकडून शेवई निघाली. धुळीचं म्हणाल, तर आत बोटभर ग्रीस बसल्यावर धुळीला जागा उरतेच कुठं? शास्त्र आहे हे!

आधी चाकाला टिचकी मारली की ते बराच वेळ फिरत राहायचं. आता मी ढकललं तेवढंच फिरत होतं आणि बोट थांबलं की थांबत होतं. मला समाधान वाटलं. चाक कसं, मालकाचं ऐकणारं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरला मैदानावर शर्यत. गाडी रेघेवर ठेवताना ऋतुजानं सवयीनं चाकाला टिचकी मारली. चाक जागचं हललं नाही. तिनं बोट नाकाशी नेलं.

"आबा, ह्याला काय लावलंय?"

"घरच्या ट्रॅक्टरला लावतो तेच. दुजाभाव केला न्हाई."

"अन् झाकणं?"

"ती आजीनं झेंडूच्या पाकळ्यांबरोबर लोटून टाकली."

पोरगी खाली बसली. भरतनं माझ्याकडं असं पाहिलं की मी चपलेतला खडा काढायला वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो. तेवढ्यात शिट्टी झाली.

बाकीच्या गाड्या सूं करून गेल्या. आमची निघाली, पोटुशी म्हैस उठावी तशी. जमलेले लोक आधी हसले, मग त्यांना दया आली, मग ते चहा प्यायला गेले. ग्रीसला माती चिकटत होती, मातीला आणखी माती. दुसऱ्या फेरीला चाकांचे लाडू झाले. मोटर तापून करपल्याचा वास सुटला. ऋतुजा दात आवळून रिमोट दाबत होती. भरत घड्याळ बघत होता.

मग ते वळण आलं. पुढच्या एकदोन गाड्या तिथंच उताण्या पडून पाय झाडत होत्या. आमची गाडी त्यांच्या शेजारून गेली. उलटायला अंगात वेग लागतो, तो तिच्यात औषधालाही नव्हता! बक्षिसं वाटून झाली. मांडवाच्या खुर्च्या एकात एक घातल्या जात होत्या. तेव्हा आमची गाडी सगळ्यांच्या मागून, पण चारही चाकांवर, रेघ ओलांडून आली. आयुष्यात पहिल्यांदा!

भरतनं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा रेघेकडं. दिलेला शब्द त्याला फिरवता येईना. "राहू दे गाडी," म्हणाला. ऋतुजानं मला मिठी मारली, आणि मिठीतच कानाशी हळूच म्हणाली, "परत हात लावला ना आबा, तर ग्रीसचा डबा इहिरीत टाकीन."

शर्यत भरवणारे साहेब मात्र गुणग्राहक निघाले. मातीग्रीसचं ते एक चाक त्यांनी ऋतुजाकडून मागून घेतलं आणि मला विचारलं, हे तुम्ही केलंत का. मी छाती काढून व्हय म्हणालो. ते चाक आता त्यांच्या प्रत्येक शर्यतीत काचेच्या पेटीत ठेवतात. नवी पोरं वाकून वाकून बघतात, फोटो काढतात. खाली मोठ्या अक्षरांत पाटी आहे, आणि चौथी झालेली असल्यामुळं ती मी स्वतः वाचली: 'बेअरिंगला ग्रीस असं लावू नये.'

पाटीवर माझं नाव नव्हतं. तेवढं घालायला सांगून आलोय.