मंग्याचं ‘काऊन’

दोस्तहो, आज मी लय जळून राह्यलो.

मी अन् माहा दोस्त मंग्या, दोघांनी मेहकरच्या एका बियाणे कंपनीत जाहिराती लिहायच्या नोकरीसाठी अर्ज केला. माहं कव्हर लेटर म्हणजे अख्खी मुक्तछंदातली कविता, शुद्ध पुणेरी भाषेत.

दुपारी इंटरव्ह्यूचा फोन मंग्याले आला. मले नाही.

“अर्जात काय लिहिलं बे असं?” मी त्याले इचारलं.

“काही नाही. तुमच्या जाहिरातीत ‘आमचेच बियाणे का?’ असं हाय. आमच्या धामणगावचे लोकं ‘का?’ नाही, ‘काऊन?’ इचारतात. त्याईले त्याईच्या बोलीत उत्तर लिहून देतो, एवढंच लिहिलं.”

“अभिनंदन,” म्हटलं, दात खाऊन.

च्यायला, ‘काऊन’ तर मी दिवसभर म्हणतो! मंग अर्जात लिहायची मलेच लाज काऊन वाटली? तुमाले वाटते का?