बाईंची खोली

कुंदा गेल्याचं मला तिच्या कोपरच्या घरमालकिणीने फोन करून सांगितलं. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं नाही म्हणून त्यांनी हाका मारल्या, मग शेजारच्यांना बोलावलं... "झोपेतच गेल्या हो, काही त्रास झाला नाही," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी नुसतं हो हो करत होते, आणि डोक्यात एकच विचार घोळत होता, की शेवटी हिचं मरणसुद्धा दुसऱ्याच्याच घरात झालं. याला आता काही आठवडे उलटले. रडू ओसरलं. राग मात्र ओसरत नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही डोंबिवलीतल्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. कुंदाचे वडील लवकर गेले, आईचं आजारपण तिच्याच गळ्यात पडलं, आणि लग्नाचं वय कधी निघून गेलं ते तिलाही कळलं नाही. आई गेल्यावर ती कळव्याला शिवणाचा क्लास घ्यायला लागली. अकरा महिन्यांचा करार संपला की भांडी, गाद्या आणि शिलाई मशीन टेम्पोत घालून नव्या खोलीत जायचं, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं की त्यावरही ती विनोद करायची. "अगं, मी म्हणजे सरकारी अधिकारी. सारख्या बदल्या!" क्लासमधल्या बायका तिला बाई म्हणत. बहुतेकजणी घरकाम करणाऱ्या, नाहीतर कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या. कुणाचा नवरा मारतो, कुणाच्या मुलाला अ‍ॅडमिशन मिळत नाही, सगळं बाईंच्या कानावर यायचं.

अशात एका सेवाभावी संस्थेचे सर तिच्या क्लासवर आले. इंजिनियरची चांगली नोकरी सोडून गरिबांसाठी घरं बांधायला निघालेला माणूस, गोड बोलणारा. टिटवाळ्याला नदीच्या बाजूची जमीन कुणीतरी दान दिलेली. देणगीदार बांधकामाचा बराच खर्च उचलणार, उरलेलं सभासदांनी हप्त्याने द्यायचं, आणि रविवारी सगळ्यांनी साइटवर श्रमदान करायचं, अशी योजना. बायकांचा विश्वास बसेना. आजवर घराच्या नावाखाली कितीजणांनी गंडवलेलं! कुंदा एकेकीच्या घरी जाऊन बसली. "मी आहे ना, मी भरतेय ना पैसे, मग तुम्हाला कसली भीती?" असं म्हणून तिने सगळ्यांना उभं केलं. सर तिला अक्का म्हणायचे. तिच्याकडे थालीपीठ खाताना मी त्यांना बोलताना स्वतःच्या कानांनी ऐकलंय, "अक्का, पहिलं घर तुमचं. तुम्ही नसता तर एक वीट चढली नसती."

तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली तिने निवडलेली. साइटवरचे गवंडीसुद्धा तिला ‘बाईंची खोली’च म्हणायचे. मी एकदा रविवारी तिच्याबरोबर गेलेले. डोक्याला टॉवेल गुंडाळून ती भिंतींना पाणी मारत होती, आणि गुडघे दुखतात हे साफ विसरलेली. मला आत ओढत नेऊन तिने दाखवलं, इथे मशीन, इथे कॉट, आणि या खिडकीत तुळस. "सुधा, तू रिटायर झालीस की चार दिवस माहेरपणाला ये इथे," म्हणाली. माझं माहेर केव्हाच संपलेलं.

चाव्या देण्याचा कार्यक्रम मोठा झाला. मांडव, पाहुणे, शाली. सरांनी कुंदाला स्टेजवर बसवलं आणि चाव्या तिच्याच हातून द्यायला लावल्या. एकेक नाव पुकारलं जात होतं. कोपऱ्यातल्या खोलीचा नंबर आला, चावी तिच्या हातात ठेवली गेली, आणि नाव पुकारलं ते वंदनाचं. तिच्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थिनीचं. कुंदाने सरांकडे पाहिलं. ते वाकून हळूच काहीतरी बोलले. समोर फोटोवाले उभे होते... तिने चावी दिली. वंदना पाया पडली, टाळ्या वाजल्या. परतताना कुंदा मला एवढंच म्हणाली, "तिला आधीपासून माहीत होतं गं. पाया पडून उठली, पण माझ्या तोंडाकडे बघितलं नाही तिने."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी संस्थेच्या ऑफिसात गेलो. सर अजिबात ओशाळले नव्हते. देणगीदारांना मुलंबाळं असलेली कुटुंबंच हवी आहेत, म्हणाले. "आणि अक्का, राग मानू नका, पण तुमच्यामागं घर कोणाला जाणार? पुढच्या फेजमध्ये बघू ना तुमचं." ती पुढची फेज कधी आलीच नाही. तिच्यासाठी राखलेल्या जागेवर आता एका बिल्डरचा टॉवर उभा आहे. सभासदांच्या सभेत कुंदा एकदाच उभी राहिली आणि विचारलं, "माझी खोली कुठाय?" जिला जिला तिने हाताला धरून तिथवर आणलेलं, ती प्रत्येक बाई खाली बघत बसली. कुणीतरी मागून म्हणालं, "बाई, जाऊ द्या ना आता." तिने भरलेले पैसे संस्थेने परत केले. माहितीपत्रकावरचा तिचा हसरा फोटो मात्र काढला नाही, तिने दोनदा सांगूनही. त्यानंतर ती टिटवाळ्याला पुन्हा गेली नाही. अंगारकीला मी चल म्हटलं तर म्हणाली, "गणपतीला इथूनच हात जोडते. त्याला कळतं."

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी वंदनाचा फोन आला. सोसायटीच्या हॉलला बाईंचं नाव द्यायचं ठरलंय, सर स्वतः बोलणार आहेत, एखादा चांगला फोटो असेल तर द्या. मी म्हटलं, "फोटो त्यांच्याकडे आहे की. आणि नाव कशाला देताय? खोली द्यायची होती." ती रडायला लागली. "ताई, सर म्हणालेले, तू नको म्हणालीस तर दुसऱ्या कुणाला देऊ, आणि तुझंही जाईल. माझी दोन पोरं होती हो... बाईंना सांगायची हिंमतच झाली नाही." ती खरंच बोलत असावी. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर वेगळं वागली असती, असंही मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण इतक्या वर्षांत एकदा येऊन, कुंदासमोर बसून हे सांगता आलं असतं. मी फोटो दिला नाही. गेलेही नाही.

ज्या रविवारी तिकडे भाषणं चालली होती, त्या रविवारी मी कोपरला तिची खोली आवरायला गेले. घरमालकीणबाई मदतीला आल्या. साड्या, भांडी, मशीन, फार काही नव्हतंच. तेवढं बाहेर काढून झाल्यावर त्या भिंतींवरून हात फिरवत म्हणाल्या, "बघा, एक खिळा नाही ठोकला त्यांनी. मी कितीदा म्हटलं, अहो ठोका, तुमचंच घर आहे. तर हसायच्या नुसत्या. असा भाडेकरू मिळत नाही हो आजकाल." मी खोलीभर पाहिलं. खरंच, चारही भिंती कोऱ्या होत्या. आईचा फोटो कपाटावर टेकवलेला, आणि यंदाचं कॅलेंडर खिडकीशी, एका खुर्चीवर, पाहुण्यासारखं बसवून ठेवलेलं.