शब्द माझा होता

रुक्मिणमावशी कुणाच्याही अंगणात शिरल्या की आधी शेळीच्या पोटावर हात ठेवत. पोट फुगलेलं नाही ना, ती रवंथ करतेय ना, एवढं पाहून झालं की मग घरच्यांकडे वळत, "अन् तुमी कशा हाव?" अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेल्यावर त्या शेळ्यांचे आजार ओळखायला आणि त्यांवर उपचार करायला शिकल्या आणि धारूरच्या आसपासच्या गावांत पशुसखी झाल्या.

मी पुण्याचा सल्लागार. शेळ्यांचं खाद्य विकणाऱ्या एका नव्या कंपनीला मी सांगितलं होतं, "जाहिराती सोडा. गावातल्या बायकांचे गट उभे करा, त्याच तुमचा धंदा वाढवतील." त्या गटांच्या प्रमुख मावशी. पहिल्या बैठकीत मी वाढीबद्दल भरभरून बोलत होतो. त्यांनी मधेच अडवलं, "सर, कसली वाढ? शेळी बी वाढती अन् गळू बी वाढतं." बायका हसल्या. मीही हसलो आणि पुढचं चित्र पडद्यावर आणलं.

वर्षभरात गावामागून गाव जोडलं गेलं. गटांच्या मोबाईलवर मावशींचा आवाजी निरोप आला की खाद्याची पोती संपत.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आठवड्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. "सर, नव्या पोत्यांना कुबट वास येतोय. दगडूबाईची गाभण शेळी गेली. अजून दोघींच्या पडून हायत. समद्यांना थांबवते."

मी कंपनीच्या मालकाला कळवलं. तो म्हणाला, "परवा गुंतवणूकदार येतायत. तपासणीचा अहवाल येईपर्यंत कुठे बोलू नका म्हणावं."

मी तेच गोड शब्दांत मावशींना सांगितलं. "दोनच दिवस, मावशी."

पलीकडून, "दोन दिस शेळीचं पोट थांबतं का?" आणि फोन बंद.

थोड्याच वेळात सगळ्या गटांच्या मोबाईलवर त्यांचा आवाज आला : "मी रुक्मिण बोलतीय. माझ्या शब्दावर तुमी खाद्य घेतलं. आता घालू नका. लई मोठी चूक झाली माझी."

दुसऱ्या दिवशी मी धारूरला पोचलो तेव्हा देवळाच्या सभामंडपात बायका जमल्या होत्या. दगडूबाईंनी रिकामं दावं मावशींसमोर टाकलं. "तुझं ऐकलं म्हणून गेली माझी शेळी!" मावशींनी वाद घातला नाही. घरी गेल्या, आपली दुभती शेळी घेऊन आल्या आणि दगडूबाईंच्या हाती दिली.

मागून कुणीतरी विचारलं, "कंपनीला कधी कळलं व्हतं?"

मावशी खाली बघत राहिल्या. माझं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही. मी उभा राहिलो. "कालच सकाळी. दोन दिवस गप्प राहा, असं मीच मावशींना सांगितलं."

एकच गलका झाला. एकीनं माझी बॅग उचलून बाहेर भिरकावली. मावशींनी तिला अडवलं नाही.

आजारी शेळ्या वाचल्या. कंपनीने मावशींना आणि मलाही काढलं. बायकांनी कंपनीचे गट सोडले आणि मावशींच्या पुढाकाराने स्वतःच खाद्य भरडायला सुरुवात केली.

काही महिन्यांनी मी माफी मागायला गेलो. "आता कशापायी आलाव?" म्हणत त्यांनी चहा ठेवला. मी विचारलं, "त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"वाटली की. पर सर, तुमी गाडीत बसून पुण्याला जाणार. मला ह्याच बायांसंगं रोज पाण्याला जायचं हाय."