जर्मनच्या पातेल्यातला केक

लातुरात गंजगोलाईजवळच्या एका बेकरीत जर्मन केक मिळायचा. काळाभोर, वर कोको भुरभुरलेला. तो जर्मनीहून आलेला प्रकार आहे, असं सगळे सांगत. तो भामाबाई सूर्यवंशीनं केलेला होता.

भामाबाई शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा केरबा काम शोधायला हैदराबादकडं गेला आणि परत आलाच नाही. दोन वर्षांची सिंधु कडेवर आणि कपड्यांचं बोचकं जर्मनच्या पातेल्यात कोंबलेलं, अशी ती लातूरला उतरली. आपल्याकडं ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात.

महादेवप्पांच्या बेकरीत तिला झाडलोटीचं काम मिळालं. पुढं ती पीठ मळू लागली, भट्टी सांभाळू लागली. गल्ल्याच्या बाजूला मात्र यायचं नाही.

"भामाबाई, तू मागंच बरी," महादेवप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक लई चौकशा करतंय."

कशाच्या चौकशा, ते तिला विचारावं लागलं नाही.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नवे साहेब आले, त्यांच्या घरी वाढदिवस साजरे होऊ लागले. किशनराव नावाचे शिपाई एकदा चॉकलेटचा केक मागायला आले. बेकरीत पाव, खारी, टोस्ट एवढंच व्हायचं. केकचा साचासुद्धा नव्हता. महादेवप्पांनी तरी उद्या न्या म्हणून सांगून टाकलं. भामाबाईनं घरून आपलं पातेलं आणलं. अंडी, मैदा, साखर, डालडा, कोको. दोनदा केक करपला, तिसऱ्यांदा असा फुगला की महादेवप्पा बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी किशनरावांनी वास घेऊन विचारलं, "कशातला केक म्हणायचा हा?"

"जर्मनच्यातला," भामाबाई आतून बोलली.

"जर्मनीतला? अरे वा!"

महादेवप्पा हसले. आठ दिवसांत दारावर पाटी लागली : 'खास जर्मन केक'.

केक गावभर झाला. सिंधुच्या वर्गातल्या एका मुलीनं वाढदिवसाला तोच आणला. सिंधु आनंदानं म्हणाली, "माझी आई करती हा." पोरी हसल्या. बाई म्हणाल्या, "सिंधु, खोटं बोलू नये." घरी येऊन ती जेवलीच नाही.

भामाबाई महादेवप्पांकडं गेली. "मालक, शाळेतल्या बाईंना एवढं सांगा, केक मी करते म्हणून."

"आणि उद्या केक कोण घेईल, भामाबाई?"

ती मागं गेली. भट्टीतून ताजा केक काढला आणि दहा वर्षांत पहिल्यांदा तो स्वतः घेऊन गल्ल्यापाशी आली. दुकान भरलेलं होतं.

"ह्यो जर्मनीचा न्हाई," ती म्हणाली. "जर्मनच्या पातेल्यात मी केलेला हाय."

एका पांढऱ्या टोपीवाल्यानं विचारलं, "तू कुठल्या गल्लीतली गं?"

तिनं गल्लीचं नाव सांगितलं. त्यानं हातातला पुडा हळूच गल्ल्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरला. त्याच्यामागं दोन बायकाही गेल्या.

महादेवप्पा तिच्यावर ओरडले नाहीत. "उद्यापासून येऊ नको," एवढंच म्हणाले. तिनं पातेलं मागितलं. "भट्टीत हाय, नंतर ने." ती चारदा जाऊन आली. पातेलं मिळालं नाही. महिन्याभरात गिऱ्हाईक परतलं. केक आता दुसरा कामगार करायचा, तिच्याच मापानं.

भामाबाई बांधकामावर वाळू वाहू लागली. बेकरीवरून जायचं टाळायला ती लांबच्या रस्त्यानं जायची.

सिंधु मॅट्रिक झाली, तिचं लग्न मुदखेडला रेल्वेतल्या मुलाशी ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी आईची वेणी घालताना ती म्हणाली, "आई, तिकडं आलीस तर त्या केकचं काढू नको. कुणी खरं मानत न्हाई. मलाच हसत्यात."

भामाबाईनं मान हलवली. "न्हाई काढत."

पुढं मुदखेडला ती कितीदा तरी गेली. शब्द तिनं पाळला.