उरल्यासुरल्याचं वजन

“उष्टं केलंस. देवाच्या आधी सगळं उष्टं केलंस गं.”

मामी एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की आमच्या चुडाव्याच्या स्टेशनात उभी असलेली पॅसेंजर शिट्टी झाली समजून सुटली असावी. मी स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीसमोर उभी. हातात वाटी, तोंडात मुगाची डाळ घालून केलेली मेथीची भाजी. गिळावं तर पाप, थुंकावं तर त्याहून मोठं पाप. त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र उगवायचा होता, नैवेद्य दाखवायचा होता, आणि ज्या सुनेचा कडक उपवास आहे हे सगळ्या गल्लीला तोंडपाठ होतं, तिनं वाटीभर वरण आणि वाटीभर भाजी उभ्या उभ्या हाणली होती.

सासूला मी मामी म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडं तीच रीत आहे. मामा ओसरीवरून उठून आले. दीर मोबाइल घेऊन आला, आणि मला क्षणभर वाटलं की हा आता याचाही व्हिडिओ काढतोय. सगळ्यांच्या शेवटी माझा नवरा आला आणि उंबऱ्यात थांबला. मी बाकी कुणाकडं बघितलंच नाही. मी ते का खात होते, हे त्या घरात माझ्याशिवाय एकट्या त्याला माहीत होतं.

लग्नात मी सेलूकडची एक बरी, मध्यम अंगाची पोर होते. दोन-अडीच वर्षांत अशी फुगले की पूर्णेत मी अॅटोत बसले की अॅटोवाला बाकीचे पाशिंजर उचलून दुसऱ्या बाजूला लावायचा. एकदा तर म्हणाला, “ताई, जरा मधी बसा, हँडल तुमच्याकडंच वळायलंय.” बाया म्हणायच्या, सासरचं सुख मानवलं पोरीला.

सुख. माझ्या अंगावरचं एक किलोसुद्धा माझं नव्हतं, सगळं त्या घराचं होतं. डावी कंबर दिराची, उजवी नवऱ्याची, आणि पोटावरचा टायर पूर्णपणे मामांच्या नावचा. कसं, ते ऐका. आमच्या घरात आधी पुरुष जेवायचे. जेवायचे म्हणजे निवांत, बातम्या बघत, पावसापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना शिव्या देत. ते उठले की मग मी आणि मामी. तोवर वरणाच्या पातेल्यात माझं तोंड दिसायचं एवढा तळ लख्ख झालेला असायचा. भाजीच्या कढईत तेल आणि एखादी मिरची. आणि भाकरी मात्र टोपलंभर. भात डेगभर. कारण पुरुषांना भाकरी कमी पडता कामा नये, म्हणून थापताना दुप्पट थापायच्या, आणि उरलेल्या कुणी खायच्या हा प्रश्न त्या घरात कुणाला कधी पडला नव्हता. त्याचं उत्तर दोन पायांवर चालत फिरत होतं.

दीर पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे पळायचा, पूर्णेला जिमला जायचा. त्यानं कुठल्याशा रीलमधून शिकून घेतलं होतं की भाकरीत कार्ब असतात. म्हणून तो वरण भांडंभर प्यायचा, उसळ ओरपायचा, भिजवलेले हरभरे, उकडलेली अंडी, म्हशीचं दूध, आणि भाकरी माझ्याकडं सरकवायचा. “वहिनी, प्रोटीन महत्त्वाचं असतं बघा,” असं वर मला शिकवायचा. मी म्हणायचे, “होय भाऊजी,” आणि त्याची भाकरी शेंगदाण्याच्या चटणीसोबत खायचे. तो जिमहून येईपर्यंत थांबायचं म्हणून सगळ्या घराच्या जेवणाची वेळ बदलून रात्री आठवर गेली होती. मामी स्वतः उठून त्याला अंडी उकडून द्यायच्या, आणि देताना पदराचं टोक नाकाला लावायच्या.

उरलेलं म्हशीला का घालत नव्हतो, असं कुणीही विचारील. आधी घालत होतो. मग एकदा म्हैस फुगली. भात आणि शिळ्या भाकरी खाऊन तिचं पोट नगाऱ्यासारखं झालं. जनावरांचे डॉक्टर आले, मामांना अंगणात उभं करून झापलं, की हे असलं उरलंसुरलं जनावराला घालायचं नसतं, दूध आटतं, जनावर मरतं, तिला वेळेवर हिरवा चारा द्या. त्या दिवसापासून म्हशीच्या तोंडाला घासभर भात लागला नाही. वैरण वेळेवर, पेंड वेळेवर, पाणी वेळेवर. डॉक्टरांचा शब्द म्हणजे शब्द. म्हशीच्या वाट्याचं टोपलंही मग माझ्याकडं आलं.

मामी त्यात वाचल्या होत्या, कारण त्यांना पित्त होतं. अर्धी भाकरी मिठाच्या पाण्यात कुस्करून खायच्या आणि उठायच्या. वाऱ्याच्या दिवसात बाई एकटी शेतात जायची तर मला भीती वाटायची, उडून परभणीला जाऊन पडेल.

मूल होत नव्हतं. हे वाक्य मी एका ओळीत लिहिलं, पण ते गावात कसं राहतं ते बाईलाच माहीत. हळदीकुंकवाला ओटी भरताना हात आखडतात. शेवटी नवऱ्यासोबत परभणीला बाई डॉक्टरकडं गेले. तपासण्या झाल्या. बाई शांत, पस्तिशीतली, आवाज असा की झोपलेलं बाळ उठू नये. म्हणाली, पीसीओडी आहे, पुष्कळ जणींना असतो, घाबरू नका. वजन कमी केलं तर पाळी नीट येईल, मूल राहायची शक्यता वाढेल. मग तिनं नवऱ्याकडं खुर्ची वळवली आणि त्यालाही सांगितलं, की उपाशी ठेवायचं नाही हिला. ताटात अर्ध्यात भाजी, वाटीभर घट्ट वरण नाहीतर उसळ, एखादी भाकरी. रात्रीचं जेवण शक्यतो सातच्या सुमाराला, गरम, आणि मग थोडं चालणं. “घरी तुम्ही सांगाल ना?” नवऱ्यानं मान अशी हलवली की ती गळून पडेल असं वाटलं.

घरी आल्यावर मामींनी विचारलं, “काय म्हणली डाक्टरीण?”

“वजन कमी करा म्हणली,” तो म्हणाला. आणि मोबाइल चार्जिंगला लावायला गेला. बाकीचं सगळं, भाजी, वरण, वेळ, तो बहुतेक परभणीच्या बसस्टँडवरच उतरवून आला होता.

वजन कमी करायचं म्हणजे खाणं कमी करायचं, आणि खाणं कमी करायला आपल्याकडं देव आहेत. मामींनी मला सोमवार दिला, गुरुवार दिला, शनिवार दिला, दोन्ही एकादश्या दिल्या, संकष्टी दिली. देव संपले तेव्हा वार उरले नव्हते. उपवास म्हणजे काय, तर साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट शेतातल्या ढिगासारखा, वर तुपाची धार. भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. मामी मायेनंच वाढायच्या, ते मी नाकारत नाही. “खा गं, दिवसभर कडक धरलायस.” त्या उपासांनी माझं वजन एवढं वाढलं की आणखी दोन देव असते तर मी दारातून बाहेर आले नसते.

मग चालायचं ठरवलं. संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यानं. पहिल्याच दिवशी गावातल्या प्रत्येक मोटारसायकलनं माझ्याजवळ ब्रेक लावला. “वहिनी, कुठं जायलाव? सोडू का?” चालायलेय म्हटलं तर पटेना कुणाला. बाई रस्त्यानं उगीच चालते, हातात पिशवी नाही, कडेवर लेकरू नाही, म्हणजे काहीतरी बिनसलंय. मी परत येईपर्यंत गावात झालं होतं की सून रुसून निघाली. ही बातमी माझ्या आधी सेलूला पोचली, आणि दुसऱ्या दिवशी माझा भाऊ जीप घेऊन दारात. मामांनी त्याला चहा पाजला आणि मला म्हणाले, “बाई, आपली गच्ची काय लहान हाय का?” गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. चालणं मिरच्यांच्या मधून झालं, चार दिवस शिंकत, आणि थांबलं.

तेव्हा मला अक्कल आली. घरात एकच बाई पुरुषांच्या आधी अन्न तोंडात घालू शकते, आणि ती म्हणजे स्वयंपाक करणारी. मीठ बघायला.

मी मीठ बघायला लागले. सातच्या सुमाराला वरण उतरलं की वाटीभर मीठ बघायचं. भाजी झाली की वाटीभर तिथलं मीठ बघायचं. दोडक्याचं मीठ, शेपूचं मीठ, मटकीच्या उसळीचं मीठ. गॅसजवळ उभी राहून, दाराकडं पाठ करून, एका भाकरीसोबत. असं मीठ महाराष्ट्रात कुणी बघितलं नसेल. आणि गरम गरम. लग्नानंतर पहिल्यांदा मला कळलं की मी करते ती उसळ चांगली होते. मग नंतर पंगतीच्या शेवटी म्हणायचं, “मामी, मला भूक न्हाई.” उरलेल्या भाकरी मागच्या दारानं कुत्र्यांना. आमच्या गल्लीची कुत्री अशी सुटली की मोटारसायकलीमागं धावायचं बंद झाली, नुसती मान वळवून बघायची.

वजन उतरलं. थट्टा नाही, खरंच उतरलं. ब्लाऊज ढिले झाले, जिना चढताना धाप लागेना, पाळी महिन्याला घरी आल्यासारखी यायला लागली. परभणीची बाई खुर्चीतून उठून माझ्या खांद्याला हात लावून हसली. म्हणाली, असंच सहा-सात महिने टिकवा. मामींनी गल्लीत सांगितलं, सोमवार पावला. मी म्हटलं, पावला. माझ्या पोटात काय जातंय ते देवाला कळत होतं, आणि त्याची हरकत दिसत नव्हती.

फक्त संकष्टीला मीठ बघायचं नसतं. नैवेद्याच्या आधी चव घ्यायची नसते, अंदाजानं घालायचं असतं. हे मला चौथीतल्या पोरीपेक्षा नीट माहीत होतं. पण सकाळपासून खिचडीचा एक गोळा पोटात, आणि समोर मेथी, नुकती उतरलेली, हिंगाच्या फोडणीचा वास नाकात. आणि मामी देवघरात होत्या. म्हणजे मला वाटलं होतं.

“चाळीस वर्षं,” मामी ओरडत होत्या, आणि आता त्यांचा आवाज फाटला होता. “चाळीस वर्षं मी पातेल्याचा तळ खाल्लाय. पोटात चार महिन्याचं लेकरू होतं तवा बी तळच खाल्लाय. कदी माणसांच्या आधी तोंडात घास घातला न्हाई. अन् ही देवाच्या आधी खायलीय. म्हणून तर कूस भरंना. देव कशाला येईल उष्ट्यावर?”

मामा म्हणाले, “जाऊ दे, पोरीनं चव बघितली असंल.”

“वाटीनं बघत्यात का चव?”

दीर हसला. मग मामींचं तोंड बघून मोबाइलमध्ये शिरला.

मी नवऱ्याकडं बघत होते. एवढंच सांगायचं होतं त्याला. डॉक्टरीण म्हणली होती. तीन शब्द. मामी डॉक्टरला मानतात, म्हशीच्या डॉक्टरला मानतात तर माणसांच्या का मानणार नाहीत. माझी कूस का भरेना आणि कशानं भरेल हे तो त्या खोलीत बसून ऐकून आला होता, आणि ते त्याच्या तोंडातून आलं असतं तर ते घरानं ऐकलं असतं. माझ्या तोंडातून आलं असतं तर ती खादाड सुनेची सबब झाली असती.

त्यानं मामींकडं बघितलं. माझ्या हातातल्या वाटीकडं बघितलं. “मोटार चालू राहिलीय,” असं म्हणाला आणि शेताकडं गेला. आमच्या शेतात त्या वेळी लाइट नसते, हे गावातल्या पोरासोरांना माहीत आहे.

स्वयंपाक पुन्हा केला. चंद्र आला, नैवेद्य झाला, पुरुष जेवले. नवराही वेळेवर जेवायला आला, मोटार बंद करून.

दुसऱ्या दिवसापासून मीठ मामी बघायला लागल्या. चमच्याच्या टोकानं, जिभेला लावून, जसं बघायचं असतं तसं. मी पुन्हा टोपल्याशी बसायला लागले. कुत्री दोन दिवस मागच्या दारात येऊन बघून गेली. ब्लाऊजला मी आतून टीप मारून घेतली होती ती पुन्हा करकचायला लागली, आणि पाळीचा पत्ता हरवला.

पुढच्या तारखेला परभणीला निघालो. पूर्णेच्या अलीकडं फाटक लागलं होतं. मोटारसायकल थांबली, सगळ्यांच्या थांबल्या. डॉक्टरणीच्या वजनकाट्यावर काय होणार ते मला माहीत होतं. मी मागं बसूनच म्हटलं, “त्या दिवशी तुमी का बोलला न्हाईत? तुमच्या समोर सांगितलं होतं तिनं. सातला जेवायचं. भाजी, वरण. तुमी मान हलवली होती.”

मालगाडी आली. मला वाटतं ती विशाखापट्टणमपासून हैदराबादपर्यंत अख्खी एकच गाडी होती, एवढा वेळ ती जात राहिली, आणि एवढा वेळ तो विचार करत राहिला. मी त्याच्या मानेकडं बघत होते. खरंच विचार करत होता तो, मला मागून दिसत होतं. गाडी संपली, फाटक वर गेलं, लोकांनी किक मारल्या.

“मग आमीच सहाला जेवून घेत जातो,” तो म्हणाला. “म्हंजे तुला सातला बसता येईल.”